खसरा 45 मागितला, 45/1 पण आला: डेटाबेसमधल्या स्ट्रिंगचे घोळ

उमरेड, कुही, भिवापूर या पट्ट्यातल्या एखाद्या सेवा सहकारी सोसायटीचं सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर आणा. त्यात जमिनीचं एक टेबल आहे: मौजा, खसरा, भोगवटदाराचं नाव, आराजी म्हणजे क्षेत्र. खसऱ्याचा कॉलम स्ट्रिंगचा, म्हणजे अक्षरांच्या ओळीचा (टेक्स्ट), ठेवलाय, आणि ते बरोबरच आहे. भावाभावांत हिस्से पडले की 45 चे 45/1, 45/2, 45/1अ होतात, मग तो नुसत्या आकड्यांच्या कॉलमात मावणार कसा? (यवतमाळ-अमरावतीकडे खसऱ्याऐवजी गट नंबर किंवा सर्व्हे नंबर धरा, गोष्ट तीच.)

आता कोणी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहिली: व्हेअर खसरा = 45. अवतरणचिन्हं दिली नाहीत, सरळ आकडा दिला. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर 45 येतो, सोबत 45/1, 45/2 आणि 45/1अ पण येतात. एकाच्या कर्जाच्या नोंदीत चौघांची जमीन दिसते. स्क्रीनवर एरर नाही, काही नाही.

हीच क्वेरी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसला दिली तर तो कामच करत नाही. टेक्स्ट आणि इंटिजर (पूर्णांक) यांची तुलना करणारा ऑपरेटर माझ्याकडे नाही, असं सांगून थांबतो. एसक्यूलाइट या तिसऱ्या डेटाबेसला दिली तर एकच ओळ येते, नेमकी 45 ची. क्वेरी एकच आणि उत्तरं तीन. हे का होतं ते समजून घेतलं की बाकीचे बहुतेक घोळ आपोआप उलगडतात.

मायएसक्यूएलचा नियम असा आहे की एका बाजूला स्ट्रिंग आणि दुसऱ्या बाजूला आकडा आला तर दोघांनाही दशांशी आकडा, म्हणजे डबल, करायचं आणि मग तुलना करायची. स्ट्रिंगचा आकडा करताना तो डावीकडून वाचत जातो. जिथवर आकडे लागतात तिथवर घेतो आणि पहिलं वेगळं अक्षर आलं की उरलेलं सोडून देतो. म्हणून 45/1 चे 45 होतात, 45/1अ चेही 45 होतात. सुरुवातीलाच आकडा नसेल तर उत्तर शून्य. कॉलमात कोणी 'गावठाण' लिहिलं असेल तर ते शून्य, 'नाला' लिहिलं असेल तर तेही शून्य. आता व्हेअर खसरा = 0 चालवून पाहा, अशा सगळ्या ओळी समोर येतील. सिलेक्ट करताना मायएसक्यूएल फक्त वॉर्निंग देतो आणि ती शो वॉर्निंग्ज म्हटल्याशिवाय दिसत नाही. अपडेट किंवा डिलीट करताना स्ट्रिक्ट मोड, म्हणजे कडक तपासणीची सेटिंग, चालू असेल तर एरर 1292 देऊन थांबतो. मायएसक्यूएल 5.7 पासून हा मोड मुळातच चालू असतो. जुन्या प्रोग्रामला एरर येते म्हणून पुष्कळ ठिकाणी तो बंद करून ठेवलेला असतो. तो बंद ठेवू नये. 45 ची नोंद खोडायला गेलात आणि 45/2 ची पण गेली, तर ती परत आणायला बॅकअपशिवाय दुसरा मार्ग नाही.

पोस्टग्रेसही पूर्वी आकड्याचं टेक्स्ट गुपचूप करून घ्यायचा. 2008 मध्ये आलेल्या 8.3 आवृत्तीत ते काढून टाकलं. तेव्हा अनेकांचे चालू प्रोग्राम मोडले, पण आमच्या मते तो निर्णय योग्यच होता. जमिनीच्या आणि पैशाच्या नोंदींत चुकीचं उत्तर मिळण्यापेक्षा एरर कधीही परवडते. एसक्यूलाइट तिसऱ्या वाटेने जातो. कॉलम टेक्स्टचा असेल तर तो दिलेल्या आकड्यालाच टेक्स्ट करतो. म्हणून त्याच्याकडे '045' आणि 45 जुळत नाहीत, मायएसक्यूएलकडे जुळतात.

आकडा स्ट्रिंग होतो कुठे

मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर फॉर्म भरला की प्रत्येक रकान्यातली किंमत प्रोग्रामपर्यंत अक्षरांची ओळ म्हणूनच पोचते. एक्सेलमधून काढलेल्या सीएसव्हीचंही तसंच. पुढे प्रोग्रामिंगची भाषा तिचं काय करते, भाषा आणि डेटाबेस यांच्यातला ड्रायव्हर काय करतो, कॉलमचा प्रकार कोणता आहे, या तीन ठिकाणी तिचं रूप बदलू शकतं. परत येताना हीच तीन ठिकाणं उलट्या क्रमाने लागतात.

परतीचा प्रवास लोकांना जास्त चकवतो. पीएचपीमध्ये पीडीओ (डेटाबेसशी बोलणारी तिची सोय) वापरून मायएसक्यूएलमधून इंटिजर कॉलम वाचला, तर बरीच वर्षं तो स्ट्रिंग होऊनच येत असे, म्हणजे 1 नाही, '1'. कारण मुळातच चालू असलेल्या एम्युलेटेड प्रिपेअरमध्ये, म्हणजे पीडीओ स्वतःच किमती क्वेरीत भरतो त्या पद्धतीत, सगळी देवाणघेवाण टेक्स्टमधून होते. त्यामुळे लोकांनी तीन बरोबरच्या चिन्हांनी, म्हणजे प्रकारासकट कडक तुलना करणारा कोड लिहिला: स्टेटस === '1' असेल तर कर्ज मंजूर. नोव्हेंबर 2021 मध्ये पीएचपी 8.1 आलं आणि तिथून पुढे इंटिजर हा इंटिजर म्हणूनच येऊ लागला. होस्टिंगवाल्याने पीएचपी वाढवलं की ही अट कधीच खरी होत नाही. मंजूर कर्जं नामंजूर दिसू लागतात आणि कोडला तर कोणी हात लावलेला नसतो. तात्पुरता इलाज म्हणजे पीडीओची स्ट्रिंगिफाय फेचेस ही सेटिंग चालू करून जुनं वागणं परत आणणं. पक्का इलाज म्हणजे वाचल्यावर लगेच इंटिजर करून घेणं आणि 1 शी तुलना करणं.

पण डेसिमल, म्हणजे अचूक दशांशाचा कॉलम, 8.1 नंतरही स्ट्रिंग म्हणूनच येतो. शिवाय मायएसक्यूएलमध्ये इंटिजर कॉलमची बेरीज सम ने केली तरी उत्तराचा प्रकार डेसिमल असतो. म्हणजे कॉलम इंटिजरचा, एकेक ओळ वाचली तर इंटिजर, आणि बेरीज मागितली की स्ट्रिंग. नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये, मायएसक्यूएल2 हा ड्रायव्हर वापरणाऱ्यांनाही हेच दिसतं. पोस्टग्रेसच्या पीजी ड्रायव्हरमध्ये तर साधी मोजणी, काउंट, पण स्ट्रिंग येते, कारण काउंटचा प्रकार बिगइंट, म्हणजे मोठा पूर्णांक, आहे.

यात ड्रायव्हरचा दोष नाही. जावास्क्रिप्टचा साधा नंबर 9007199254740991 च्या पुढे प्रत्येक पूर्णांक अचूक धरू शकत नाही. बिगइंट त्याच्या कितीतरी पुढे जातो. डबलमध्ये 0.1 देखील नेमका बसत नाही, डेसिमलमध्ये बसतो. अचूकपणा जाऊ नये म्हणून ड्रायव्हर किंमत जशीच्या तशी अक्षरांत हातात देतो आणि पुढचा निर्णय आपल्यावर सोडतो.

तो निर्णय घेतला नाही तर काय होतं ते कापसाच्या हिशोबात बघा. एका शेतकऱ्याच्या दोन गाड्या आल्या, 12 आणि 8 क्विंटल. 2024-25 मध्ये मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,121 रुपये होता. जावास्क्रिप्टमध्ये '12' + '8' केलं तर 20 होत नाही, '128' होतं, कारण स्ट्रिंगवर अधिकचं चिन्ह म्हणजे जोडणी. पुढे गुणाकार मात्र तो आकड्यांसारखाच करतो: 128 गुणिले 7,121, म्हणजे 9,11,488 रुपये. खरी रक्कम 1,42,420. वजन '12.35' आणि '8.40' असतं तर जोडून '12.358.40' झालं असतं, त्याचा गुणाकार एनएएन (हा आकडाच नाही) आला असता आणि चूक लगेच दिसली असती. पूर्णांकांची चूक दिसत नाही, म्हणून ती जास्त वाईट. पीएचपीत अधिकचं चिन्ह बेरीजच करतं, जोडणीला टिंब लागतं, त्यामुळे तिथे हा प्रकार होत नाही. पायथनमध्ये दोन स्ट्रिंग जोडल्या जातात, पण एक स्ट्रिंग आणि एक आकडा आला की तो टाइपएरर देऊन थांबतो.

पावती नंबर 10 वर अडकतो

स्ट्रिंगचा क्रम डावीकडून एकेक अक्षर बघून लागतो. म्हणून '10' हा '9' च्या आधी येतो आणि '100' हा '20' च्या आधी. यादी वेडीवाकडी दिसते एवढ्यावर भागत नाही. पावती नंबरचा कॉलम व्हारकॅर, म्हणजे टेक्स्ट, ठेवला आणि पुढचा नंबर काढायला मॅक्स (सर्वांत मोठी किंमत) अधिक 1 अशी क्वेरी लिहिली, की नवव्या पावतीपर्यंत सगळं नीट चालतं. '9' अधिक 1 म्हणजे 10, तीही पावती निघते. त्यानंतर मॅक्स पुन्हा '9' च देतो, कारण '9' हा '10' पेक्षा मोठा. पुढची पावती पुन्हा 10, त्याच्या पुढची पण 10. कॉलमवर युनिक की (एकच किंमत दोनदा चालू न देणारी अट) असेल तर एरर येते, नसेल तर एकाच नंबरच्या पन्नास पावत्या निघतात आणि ऑडिटच्या वेळी कळतं. पावती नंबर इंटिजरच ठेवावा आणि ऑटो इन्क्रिमेंट वापरावा. दोन काउंटरवर एकाच वेळी पावती फाडली तर मॅक्स अधिक 1 तसाही भरवशाचा नाही. पावतीवर 00010 असं छापायचं असेल तर ते छापताना करावं, साठवताना नाही.

खसऱ्याची यादी क्रमाने हवी असेल तर मुख्य नंबराचा वेगळा इंटिजर कॉलम करावा आणि आधी त्यावर, मग हिश्श्याच्या नंबरावर लावावी. नाहीतर 45/10 हा 45/2 च्या आधी येतो.

हळू चालणारी क्वेरी

समजा क्वेरीत व्हेअर मोबाइल = लिहून पुढे दहा आकडी मोबाइल नंबर अवतरणचिन्हांशिवाय दिला. कॉलम व्हारकॅरचा, त्यावर इंडेक्स (ओळी लवकर शोधायची सूची) आहे. उत्तर बरोबर येतं, पण लाखभर ओळी असल्या तर वेळ लागतो. कारण तेच डबलचं रूपांतर. '45', '045', ' 45', '45अ' या सगळ्यांचे 45 होतात आणि इंडेक्समध्ये या ओळी वेगवेगळ्या ठिकाणी असतात. त्यामुळे मायएसक्यूएल इंडेक्स वापरू शकत नाही, प्रत्येक ओळ वाचतो. उलट, कॉलम इंटिजरचा आणि दिलेली किंमत '45' अशी स्ट्रिंग असेल तर काही अडत नाही. तो त्या एका किमतीचा आकडा करतो आणि इंडेक्स वापरतो. क्वेरीच्या आधी एक्सप्लेन लावून बघा, म्हणजे डेटाबेस ती कशी चालवणार ते दिसतं. पॉसिबल कीज मध्ये इंडेक्सचं नाव दिसतं आणि की च्या खाली नल दिसतं, तर आधी प्रकार तपासावा.

याच नियमातून सुरक्षेचं भोक पडतं. नोडचा प्रोग्राम जेसनमधून (बाहेरून आलेल्या डेटाच्या मजकुरातून) पासवर्ड बदलण्याचा टोकन, म्हणजे गुप्त कोड, घेतो आणि तो जसाच्या तसा क्वेरीत टाकतो. कोणी टोकनच्या जागी स्ट्रिंग न पाठवता 0 हा आकडा पाठवला तर ड्रायव्हर तो अवतरणचिन्हांशिवाय लिहितो, आणि अक्षराने सुरू होणारे सगळे टोकन त्याला जुळतात. म्हणून बाहेरून आलेली किंमत आधी स्ट्रिंग आहे का ते तपासायचं, नसेल तर विनंती नाकारायची.

पीएचपीवाल्यांना याच्या उलटी अडचण येते. पीडीओच्या एक्झिक्यूटला ॲरे दिला की तो सगळ्या किमती स्ट्रिंग म्हणून बांधतो. बहुतेक जागी चालून जातं, पण लिमिट मध्ये '10' गेलं की एरर 1064. तिथे बाइंडव्हॅल्यू वापरून पॅरम इंट सांगावं लागतं.

अँड्रॉइड आणि एसक्यूलाइट

दूध संकलनाची, खरेदी केंद्राची छोटी ॲप बहुधा फोनमधल्या एसक्यूलाइटवर चालतात, आणि इथे दोन खड्डे आहेत.

पहिला प्रकाराच्या नावाचा. टेबल करताना कॉलमसाठी लिहिलेल्या प्रकाराच्या नावातली इंग्रजी अक्षरं बघून एसक्यूलाइट त्याचा प्रकार ठरवतो. नावात इंट असेल तर इंटिजर. कॅर, क्लॉब किंवा टेक्स्ट असेल तर टेक्स्ट. ब्लॉब असेल किंवा प्रकार दिलाच नसेल तर ब्लॉब. रिअल, फ्लोट, डबल यांची पहिली चार अक्षरं दिसली तर रिअल. यातलं काहीच नसेल तर न्यूमेरिक. आता कोणी सभासद क्रमांकाचा प्रकार म्हणून सरळ 'स्ट्रिंग' असं लिहिलं तर त्यात कॅर नाही, टेक्स्ट नाही, म्हणून तो न्यूमेरिक होतो. '00427' साठवलं की 427 होतं आणि पुढची शून्यं कायमची जातात. प्रकार टेक्स्ट असाच लिहावा. 2021 मध्ये आलेल्या एसक्यूलाइट 3.37 पासून टेबल करताना शेवटी स्ट्रिक्ट लिहिता येतं, मग 'स्ट्रिंग' असा प्रकार दिला तर टेबलच तयार होत नाही. जुन्या फोनांत मात्र एसक्यूलाइटची आवृत्ती त्याहून जुनी असते, त्यामुळे नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नये.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. अँड्रॉइडच्या रॉक्वेरी या फंक्शनला क्वेरीतल्या प्रश्नचिन्हांच्या जागी द्यायच्या किमती स्ट्रिंगच्या ॲरेत द्याव्या लागतात. साध्या इंटिजर कॉलमशी तुलना असेल तर एसक्यूलाइट त्या स्ट्रिंगचा आकडा करून घेतो. पण महिन्यात 100 लिटरपेक्षा जास्त दूध घालणारे शोधायला हॅविंग सम(लिटर) > ? असं लिहिलं, तर सम हा कॉलम नाही, हिशोबाचं उत्तर आहे, त्याला स्वतःचा प्रकार चिकटलेला नसतो. मग रूपांतर होत नाही. आणि एसक्यूलाइटच्या क्रमात कोणताही आकडा कोणत्याही टेक्स्टपेक्षा लहान. म्हणजे 850 लिटरसुद्धा '100' पेक्षा लहान! यादी रिकामी येते. चिन्ह उलटं केलं तर सगळेच येतात. उपाय एका शब्दाचा: प्रश्नचिन्हाला कास्ट करून, म्हणजे प्रकार बदलून, रिअल किंवा इंटिजर करावं. कुठे काय साठलंय याची शंका असेल तर टाइपऑफ फंक्शन प्रत्येक ओळीचा खरा प्रकार दाखवतं.

मराठी अंक आणि वऱ्हाडातला ऱ

इंग्रजी लेखांत सहसा न सापडणारा भाग हा. सातबारा बघून भरणारा माणूस खसरा ४५ असा देवनागरी अंकांत टाकू शकतो. पायथनला तो आकडा वाटतो: इंट केलं की 45 मिळतात, इझडिजिट खरं म्हणतं, रेगेक्सचं (मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्राचं) अंक ओळखणारं चिन्हही त्याला पास करतं. म्हणून तपासणीतून सुटून तो टेक्स्ट कॉलमात ४५ म्हणूनच बसतो आणि 45 शोधल्यावर अनेकदा सापडत नाही. मायएसक्यूएल त्याला कास्ट केल्यावर 0 देतो, पीएचपीही 0. जावास्क्रिप्ट एनएएन देतं, पोस्टग्रेस एरर. म्हणून प्रोग्रामच्या दारातच ० ते ९ या दहा चिन्हांचे 0 ते 9 करून घ्यावेत. रेगेक्समध्ये अंकाचं चिन्ह न वापरता चौकटी कंसात 0 ते 9 असंच लिहावं.

गावांच्या आणि माणसांच्या नावांचं अजून नाजूक आहे. 'वऱ्हाड' हाच शब्द घ्या. यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक तर ऱ हे वेगळं अक्षर आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पायथनला विचारलं तर दोन्ही स्ट्रिंग वेगळ्या, पोस्टग्रेसच्या नेहमीच्या तुलनेत वेगळ्या, मायएसक्यूएलच्या बिन कोलेशनमध्येही (तंतोतंत तुलनेच्या नियमात) वेगळ्या. बऱ्हाणपूर, कऱ्हाळे, गोऱ्हे असं कोणतंही नाव यात अडकतं: एकाच माणसाची दोन खाती होतात, किंवा असलेलं खातं सापडत नाही. युनिकोडचं एनएफसी रूप, म्हणजे तुटक चिन्हं जोडून केलेलं ठरलेलं रूप, करून घेतलं तर र आणि नुक्ता असा तुटक लिहिलेला ऱ जुळतो, पण जॉइनरवाला प्रकार तसाच राहतो. त्यासाठी वेगळी बदली लिहावी लागते: र, हलंत, जॉइनर हे तिन्ही लागोपाठ आले की त्यांच्या जागी ऱ आणि हलंत. आधी एनएफसी, मग ही बदली, मग दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढायच्या. साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा एकच फंक्शन वापरावं.

लांबी मोजतानाही जपावं. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं. 'वर्धा' म्हणजे व, र, हलंत, ध, काना अशी 5 चिन्हं आणि 15 बाइट. मायएसक्यूएलचं लेंथ 15 सांगतं, कॅर लेंथ 5. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठी मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी इंग्रजी एन लावला नाही तर अनेकदा प्रश्नचिन्हंच साठतात आणि ती मागाहून दुरुस्त होत नाहीत.

कॉलम ठरवताना आणि जुनं टेबल सुधारताना

ज्या नंबराची कधी बेरीज-वजाबाकी होणार नाही तो टेक्स्ट: खसरा, सभासद क्रमांक, मोबाइल, बँक खातं, आयएफएससी (हा 11 अक्षरांचा आणि त्यातलं पाचवं नेहमी शून्य). बँक खात्याला व्हारकॅर 20 द्यावा. लांब खातं आकडा म्हणून एक्सेलमध्ये उघडलं तर 15 अंकांच्या पुढचं सगळं शून्य होतं, म्हणून सीएसव्ही आणताना तो कॉलम टेक्स्ट म्हणूनच उघडावा. वजन डेसिमल 8,2 आणि रक्कम डेसिमल 12,2. फ्लोट आणि डबल पैशाला नको. रक्कम पायथनमध्ये डेसिमल म्हणून हाताळावी, जावास्क्रिप्टमध्ये पूर्ण पैशांत.

जुनं टेबल असेल तर बॅकअप घेऊन आधी बिघडलेल्या ओळी मोजाव्या. ज्या कॉलमात फक्त आकडे हवेत त्यात चौकटी कंसातल्या 0 ते 9 शिवाय काही असलेल्या ओळी रेगेक्सने काढाव्या. कॉलमचा प्रकार जागच्या जागी बदलू नये. शेजारी नवा कॉलम करावा, त्यात साफ केलेली किंमत भरावी, दोन्हीची तुलना करावी, न जुळणाऱ्या ओळी सोसायटीच्या सचिवांकडून मूळ कागदावरून तपासून घ्याव्या, आणि मग प्रोग्राम नव्या कॉलमकडे वळवावा.

चाचणीच्या टेबलात सरळ साधा डेटा भरला तर यातलं काहीच उघडं पडत नाही. म्हणून त्यात या सात ओळी हव्यातच: '45', '45/1', '045', '४५', पुढे मोकळी जागा असलेला ' 45', 'गावठाण' आणि रिकामी स्ट्रिंग. मग प्रोग्राममधून 45 शोधा. साठवताना साफसफाई होत असेल तर '45', '४५' आणि ' 45' या तीनच ओळी याव्यात. '45/1' आला तर किंमत कुठेतरी आकडा होऊन क्वेरीत जातेय. '४५' आला नाही तर अंक बदलण्याचं फंक्शन साठवताना लागलेलंच नाही. आणि '045' चं काय करायचं, तो 45 च मानायचा की चुकीची नोंद म्हणून परत पाठवायचा, हे प्रोग्रामरने एकट्याने ठरवू नये, तलाठ्याच्या नोंदीशी पडताळून ठरवावं.